जुनी गाडी सेल्फ घेत नसेल तर बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० या पिढीच्या गाड्यांचं वायरिंग साधं आहे. इंजिनाला कॉम्प्युटर नाही, म्हणून दोष शोधायला स्कॅनर लागत नाही. तरीही गाडी उठली नाही की पहिला खर्च बॅटरीवर होतो आणि काही दिवसांत नवी बॅटरीही तीच तक्रार करायला लागते. या वयाच्या गाडीत बॅटरीइतकाच संशय जोडांवर घ्यायला हवा: टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, सेल्फला करंट जोडणाऱ्या सोलेनॉइडचे नट, चावीचा स्विच.

साहित्य फार नाही. डिजिटल मल्टिमीटर, पाने, पॉलिश पेपर आणि इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. चावी मारायला एक माणूस जवळ हवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो.

आधी कान द्या

चावी मारली, दिवे मंद झाले आणि टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर सोलेनॉइड ओढतोय पण व्होल्टेज टिकत नाहीये. बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. एकच जोरात ‘टक’ येऊन सगळं शांत झालं, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळले असतील, सेल्फचे कार्बन (आतले ब्रश) संपले असतील किंवा जाड वायरीचा जोड गेला असेल. काहीच आवाज नाही आणि हेडलाइट मात्र लख्ख, म्हणजे चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर पाहायची. सेल्फ नुसताच घुईं करून फिरतो पण इंजिन फिरत नाही, तर दोष सेल्फला इंजिनाच्या चाकाशी जोडणाऱ्या बेंडिक्सचा आहे, तिथे मीटर लावून उपयोग नाही.

बॅटरी

हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा, १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा, पुढच्या चाचण्या नंतर. झाकणांची बॅटरी असेल तर आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने प्रत्येक सेल बघा. भरलेल्या सेलमध्ये १.२६ ते १.२८ दिसतं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने मागे असेल, तर ती बॅटरी खरोखरच गेली.

आता खरी परीक्षा. कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) प्लसची बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर थांबा. सेल्फ मारताना बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली गेलं, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट खातोय. १२ च्या आसपासच राहिलं आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेतच कुठेतरी अडतोय.

व्होल्ट कुठे गळतात

ही चाचणी बरेच जण करत नाहीत, आणि जुन्या गाडीत सर्वांत जास्त हीच कामाला येते. मीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लस पोस्टवर टेकवा, क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटावर. काळी काडी सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. दीड-दोन व्होल्ट दिसले तर तेवढे वायरीत आणि जोडांत जळतायत. मग एकेक जोड ओलांडून मोजत जा: पोस्ट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायर, वायर ते लग (वायरीच्या टोकाची कडी). एका जोडावर ०.१ ते ०.२ च्या वर नको.

तसंच मायनसला. एक काडी मायनस पोस्टवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. इथे ०.३ च्या आत हवं. जास्त आलं तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची विणलेली पट्टी बघा. ती वरून शाबूत दिसते, पण लगच्या तोंडाशी तारा हिरव्या होऊन तुटलेल्या असतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे हटकून होतं. पट्टी निकामी झाली की करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली किंवा तिचं आवरण मऊ पडलं, तर दुसरीकडे शोधू नका, पट्टी बदला. बसवताना बॉडीवरचा रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा.

टर्मिनल साफ करताना आधी मायनस काढा, मग प्लस. लावताना उलट. मायनस लागलेलं असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. पांढरी-निळी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका. पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा.

चावीपासून सोलेनॉइडपर्यंत

काहीच आवाज नसेल तर टेस्ट लॅम्प सोलेनॉइडच्या बारीक वायरीच्या टोकाला आणि अर्थला लावून चावी मारा. इथे नुसत्या मीटरवर विसंबू नका. जिची एकच तार शिल्लक आहे अशी वायरसुद्धा मीटरला १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. मंद पेटला तर चावीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत किंवा वायरी जोडणारा मधला कप्लर ढिला आहे.

स्विच बदलला तरी त्याच्यावरचा ताण तोच राहतो, म्हणून रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) टाकणं उत्तम. चार पायांचा १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा रिले घ्या. पायांवर नंबर असतात: ८६ ला चावीकडून येणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीच्या प्लसवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून ४ स्क्वेअर एमएमची वायर, आणि ८७ वरून सोलेनॉइडला.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

कॉइलची वायर परत जोडा. एक प्लग काढून पाहा: ओला असेल तर पेट्रोल येतंय. तो पुसून त्याच्या वायरीला लावा, इन्सुलेटेड पकडीने इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारा. पेट्रोलच्या वाफेपासून लांब धरा. निळी, चटचटणारी ठिणगी हवी. पिवळी आणि मरगळलेली असेल तर पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शमवणारा) बघा. पॉइंटची फट साधारण ०.४ ते ०.५ एमएम, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. घासून साफ केलेले पॉइंट पुन्हा लवकर जळले तर कंडेन्सर बदला.

पावसाळ्यात डेल्कोचं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं) झाकण उघडून आत ओल आहे का ते पाहा आणि कोरड्या फडक्याने पुसा. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी त्या रेघेवरून पळते, झाकण बदलण्याला पर्याय नाही.

दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. चावी मारलेली असताना इंजिन पकडतं आणि सोडताक्षणी बंद पडतं: बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा) असलेल्या गाडीत तो तुटलाय. उलट, चावी सोडतानाच पकडतं: सेल्फ मारताना कॉइलला सप्लाय मिळत नाहीये.

रात्रीत बॅटरी उतरते

मायनस क्लॅम्प काढून क्लॅम्प आणि पोस्ट यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. अशा वेळी चावी मुळीच फिरवू नका, मीटर जळेल. जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ते सर्किट दोषी. सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही, तर मीटरही काढून मायनस पूर्ण सुटलाय याची खात्री करून अल्टरनेटरची (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) जाड वायर काढून वेगळी ठेवा आणि पुन्हा मोजा. आता पडला तर त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) गळतोय, अल्टरनेटर खोलावा लागेल.