१०६६ नंतरचं इंग्लंड वाचायला घेताना

एम.ए. किंवा नेट-सेटच्या तयारीत हा काळ सहसा असा उरकला जातो: १०६६, हेस्टिंग्जची लढाई, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा, आणि पान उलटलं की थेट चौदाव्या शतकातला कवी चॉसर. मधली तीनशे वर्षं कोरी. तेव्हा इंग्रजीत कुणी लिहीतच नव्हतं, हा समज इथूनच पक्का होतो आणि उत्तरपत्रिकेत उतरतो. लिहिणं थांबलं नव्हतं. कोणत्या कामाला कोणती भाषा, हे बदललं होतं. चर्च आणि सरकारी दप्तर लॅटिनमध्ये, दरबारी काव्य आणि पुढे कोर्टातला युक्तिवाद फ्रेंचमध्ये, शेतात-बाजारात इंग्रजी. मराठी माणसाला हे समजायला जड नाही. वकील, फिर्याद, जप्ती हे शब्द आपल्याकडे राज्यकर्त्यांच्या फारसीतून आले, तसेच जज, ज्युरी, कोर्ट इंग्रजीत फ्रेंचमधून आले.

सुरुवात पीटरबरो क्रॉनिकल या मठात लिहिलेल्या इंग्रजी बखरीतल्या ११३७ च्या नोंदीने करावी. राजा स्टीफनच्या काळातली बेबंदशाही, सरदारांचे किल्ले, लोकांचे हालहाल, आणि ‘ख्रिस्त व त्याचे संत झोपलेत’ असं उघड बोलणारी रयत. शब्दसूची असलेली आवृत्ती घ्या. पहिल्यांदा अर्थ न बघता मोठ्याने वाचा. त्या काळी ‘नाइट’मधला (knight) क उच्चारला जायचा, हे ध्यानात ठेवून. दुसऱ्या वाचनात फ्रेंच शब्दांभोवती पेन्सिलने गोल काढा. ‘ट्रेझर’, ‘प्रिझन’, ‘जस्टिस’ यांची जुनी रूपं सापडतील, पण गोल मोजकेच होतील. बाकी मजकूर अस्सल देशी, फक्त विभक्तिप्रत्यय झिजलेले. विल्यमच्या विजयानंतर लगेच फ्रेंच शब्दांचा पूर आला, हे वाक्य गोल मोजल्यावर पुन्हा लिहावंसं वाटत नाही. तो पूर मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकातला.

याच नोंदीत एक सापळा आहे. स्टीफन राजा असेपर्यंत, एकोणीस हिवाळे, हे असंच चाललं, असं त्यात म्हटलंय. स्टीफन गादीवर आला ११३५ मध्ये आणि वारला ११५४ मध्ये. म्हणजे ११३७ च्या नावाखालचा मजकूर ११५४ च्या आधी लिहिलेला असूच शकत नाही. नोंदीचं वर्ष, लिहिण्याचं वर्ष आणि हाती असलेल्या हस्तलिखिताचं वर्ष असे तीन रकाने वहीत पहिल्या दिवसापासून आखा. लायामनचं ‘ब्रूट’, म्हणजे ब्रिटनच्या राजांची इंग्रजी पद्यबखर, साधारण १२०० च्या आसपासचं, पण त्याची दोन्ही हस्तलिखितं नंतरची. त्यातलं एक मुद्दाम जुनी वळणं जपतं, दुसरं जुने शब्द वगळून भाषा सोपी करतं. कोणती प्रत समोर आहे हे न पाहता ‘लायामनची भाषा’ असं ठोकून दिलं, की फसगत ठरलेली.

अक्षरांत घोळ होतो तो थॉर्न आणि योघ यांचा. थॉर्न म्हणजे ‘थ’, पण दिसतो ‘प’च्या इंग्रजी अक्षरासारखा. योघ ठिकाणाप्रमाणे य, ग किंवा घशातला ख. जुन्या छपाईत त्याच्या जागी झेड येतं. मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे. शब्द सापडला नाही तर आय-वाय आणि यू-व्ही यांची अदलाबदल करून पुन्हा शोधा. निम्म्या वेळा तेवढ्यावरच काम होतं. ‘शेतात शीप, ताटात मटन’, म्हणजे जनावराचं नाव इंग्रजी आणि त्याच्या मांसाचं फ्रेंच, ही लाडकी गोष्टही तिथेच तपासा. आपल्या खाटकाच्या पाटीवरचा ‘मटन’ मुळात फ्रेंच, हे खरं. पण मध्ययुगीन इंग्रजीत तो जिवंत मेंढीलाही वापरलेला दिसतो. गोष्ट सांगितली जाते तितकी कापून काढलेली विभागणी तेव्हा नव्हती.

समाजाकडे वळताना १०८६ चं डूम्सडे बुक, म्हणजे विल्यमने करवलेली जमिनींची पाहणी, उघडा, पण एकाच गावाची नोंद घ्या. क्रम बहुधा ठरलेला: आता जमीन कुणाकडे, १०६६ पूर्वीच्या एडवर्ड राजाच्या वेळी कुणाकडे होती, किती हाइड, किती नांगर, माणसं, गिरणी, कुरण, शेवटी किंमत. हाइड हे मोजलेलं क्षेत्रफळ समजून एकरांचा गुणाकार करू नका. ती कर-आकारणी आहे. एक नांगर म्हणजे साधारण आठ बैलांची जोडणी. माणसांचा आकडा बहुतांशी कुटुंबप्रमुखांचा. लोकसंख्या हवी तर चार-पाचाने गुणावं लागतं. ‘विलानी’ दिसले की वेठबिगार कुळ असं भाषांतर हातातून सुटतं. तो कायदेशीर अर्थ पुढच्या काळात घट्ट झाला. इथे तो गावकरी शेतकरी. लंडन शोधत बसू नका, ते यात नाहीच. विंचेस्टरही नाही.

फ्रेंच येत नसलं तरी बाराव्या शतकातली फ्रेंच कवयित्री मारी द फ्रान्स हिची एखादी लघुकाव्यकथा भाषांतरातून वाचाच. ‘हे फ्रेंच, आपल्या पेपरचं नाही’ म्हणून बाजूला ठेवायचं, तर ‘रोलाँचं गाणं’ या फ्रेंच वीरकाव्याची ऑक्सफर्डला असलेली प्रत कुठे ठेवणार? ती इंग्लंडमधल्याच फ्रेंच वळणात लिहिलेली आहे. आणि १३६२ चा कायदा, ज्याने कोर्टात इंग्रजीत बोलायला सांगितलं, तो स्वतः फ्रेंचमध्येच लिहिलेला होता.