भाड्याच्या बंगल्याला स्विमिंग पूल करताय? या चुका टाळा

गिरणारे, गंगापूर धरण, त्र्यंबक रोड. नाशिकजवळच्या या पट्ट्यात बंगला शनिवार-रविवार भाड्याने द्यायला काढला की मुंबईहून येणाऱ्या फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पूल आहे ना?" त्या प्रश्नाला "हो" म्हणायच्या घाईत मी पूल फोटो बघून ठरवला. बघायला हवी होती सोमवारची सकाळ. वीस जणांनी दोन दिवस घुसळलेलं पाणी, त्यावर तेलाचा आणि सनस्क्रीनचा तवंग, तळाशी द्राक्षाचे देठ, आणि जाळी घेऊन उभा असलेला एकटा केअरटेकर. त्या एकट्याला झेपेल तोच पूल घ्यावा, हे मला तीन उन्हाळ्यांनी शिकवलं.

आकारातच बहुतेक जण फसतात. २० बाय १० फूट, ४ फूट खोल पुलात साधारण २२,६०० लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजारी टँकरचे सव्वादोन. ३० बाय १५ आणि साडेचार फूट केलात, तर तेच ५७,००० लिटरच्या वर जातं. मे महिन्यात बोअर आटली की हा फरक खिशाला कळतो. पाहुण्यांपैकी सगळा पूल पोहून काढणारे थोडेच. बाकीचे काठाला टेकून गप्पा मारतात. म्हणून तळ सपाट, खोली ४ फूट, एका बाजूला बसायला रुंद पायरी. डायव्हिंगसाठी एक टोक खोल करायचा मोह तर अजिबात नको. अनोळखी घर, अनोळखी खोली, त्यात रात्रीची पार्टी. यातून काय होतं ते सांगायला नको.

आता जमीन. नाशिकची काळी माती द्राक्षाला चांगली, पुलाला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर टेकवलेली टाकी तिच्यासोबत हलते. काळी माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खोदा, मुरुमाचाच भराव थराथराने धुम्मस करा, मग पीसीसी, म्हणजे सळईविना साधं काँक्रीट. ठेकेदार "दोन फुटांवर चालतंय" म्हणाला, तर खड्ड्यात स्वतः उतरून बघा.

तयार फायबरचा पूल लवकर बसतो, टाइल्सच्या फटींतलं शेवाळ घासायचं काम वाचतं, म्हणून छोट्या बंगल्याला मला तो आवडतो. पण त्याचं एक पथ्य आहे: भर पावसाळ्यात तो रिकामा करायचा नाही. आमच्याजवळच्या एका बंगल्यात ऑगस्टमध्ये सफाईसाठी पाणी उपसलं आणि सकाळी अख्खं भांडं वीतभर वर आलेलं. खालच्या जमिनीतलं पाणी त्याला होडीसारखं उचलतं. वर आलेलं भांडं सरळ परत बसत नाही, पाइप तुटलेले असतात ते वेगळेच. आरसीसीचा पूलही रिकामा असेल तर उचलला जाऊ शकतो. इगतपुरी-त्र्यंबककडे जागा असेल, तर भोवती खडीचा निचरा आणि पाणी उपसायला एक उभा पाइप आधीच ठेवून घ्या.

सगळ्यात जास्त फोन येतात ते हिरव्या पाण्याचे. "भाऊ, क्लोरीनच्या गोळ्या डबल टाकल्या, तरी हिरवंच." दोष बहुतेक वेळा गोळ्यांतच असतो. टीसीसीए या नेहमीच्या गोळीतून क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड उतरतं. ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं, पण स्वतः उडून जात नाही, साठत राहतं. पाण्यात रोज २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) क्लोरीन लागत असेल, तर दोन महिन्यांत हे ॲसिड ७० पीपीएमच्या आसपास पोहोचतं आणि क्लोरीन सुस्त पडतं. मग आणखी गोळ्या टाकणं म्हणजे दुखण्याला दुखणंच पाजणं. उपाय एकच: थोडं पाणी काढून ताजं भरणं. पावसाळा असेल तर एका वेळी थोडंच काढा.

दुसरा संशयित पीएच, म्हणजे पाणी किती आम्लारी ते सांगणारा आकडा. तो ७.५ असताना निम्मं क्लोरीन कामाचं असतं, ८ वर जेमतेम पाव. नव्या सिमेंटच्या पुलात पीएच सारखा चढतो. म्हणून आधी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, मग क्लोरीन. आणि पुलावर झणझणीत वास आला, तर क्लोरीन जास्त झालं असं समजून डोस कमी करू नका. तो वास घाम-लघवीशी भिडून वाया गेलेल्या क्लोरीनचा, म्हणजे बहुधा कमतरतेचा.

केअरटेकरला एक गोष्ट तीनदा सांगा: गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मगाने, कधीच नाही. भडका उडतो. ॲसिडजवळ तर दोन्ही नकोत, विषारी वायू सुटतो.

द्राक्षबागेला लागून पूल असेल, तर ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस सांभाळा. डावणी-भुरी या द्राक्षाच्या रोगांसाठी ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की मोरचूद आणि गंधक वाऱ्यावर येतं. मोरचुदातल्या तांब्यामुळे काठावर निळसर-हिरवे डाग पडतात. बागवाल्याशी बोलून ठेवा, फवारणीच्या दिवशी पूल झाका.

हिवाळ्यात पाहुणे गरम पाणी मागतात. इथे थंडीत पारा १० अंशांखाली जातो. २२,६०० लिटर पाणी फक्त ५ अंशांनी तापवायला साध्या हीटरला १३० युनिट लागतात. हवेतली उष्णता पाण्यात आणणारा हीट पंप साधारण चौथ्या हिश्श्यात काम करतो, पण रात्री झाकण घातलं तरच.

तळाला पंप पाणी ओढतो ती सक्शन जाळी एकच असेल, तर दुसरी बसवून घ्या, दोघींत किमान ३ फूट अंतर, वर उंचवट्याचं झाकण. एकीवर अंग किंवा केस चिकटले तरी ओढ दुसरीकडे वळते. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, लाइनीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), भोवती ४ फुटी कुंपण.

पाणी रोज कमी होतंय, गळती की ऊन? बादली पायरीवर ठेवा, पुलाच्या पातळीइतकं पाणी भरा, दोन्हींवर खूण करा, पंप बंद. चोवीस तासांनी बघा. दोन्ही सारखंच उतरलं तर ऊन. पूल जास्त उतरला तर ठेकेदाराला फोन लावा, आणि खुणांचा फोटो आधी काढून ठेवा, कारण तो पहिलं वाक्य "उन्हाळा आहे भाऊ" असंच म्हणतो.