पियानोवर मायनर स्केल कशी बसवायची: आधी खालचे पाच सूर, मग वरची शेपटी

मायनर स्केल (स्केल म्हणजे सा पासून वरच्या सा पर्यंत ओळीने चढणारे सूर) शिकायला घेतली की समोर एकदम तीन नावं येतात, नॅचरल, हार्मोनिक, मेलोडिक. त्यात प्रत्येकीच्या बारा पट्ट्या (बारा वेगवेगळ्या सुरांना सा मानून), म्हणजे 36 स्केल्स पाठ करायच्या की काय असं वाटून बरेच जण तिथेच गार होतात. तसं काही नाहीये. तिन्ही स्केल्सचे पहिले पाच सूर अगदी सेम आहेत, भांडण आहे ते फक्त सहाव्या आणि सातव्या सुराचं. म्हणून पाच सूर एकदा हातात बसवायचे आणि वरचा भाग नंतर जोडायचा, हा क्रम मला सगळ्यात सोपा वाटतो.

पियानोच हवा असं नाही, घरात 61 पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तरी भागतं. फक्त ट्रान्सपोजच्या, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या बटणाला हात लावू नका. गाण्याच्या साथीला ते बटण ठीक आहे, पण स्केल शिकताना ते वापरलं तर बोटं जन्मभर एकाच पट्टीत फिरत राहतात.

आता मोजायचं कसं ते बघू. एका पट्टीच्या लगेच शेजारची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी, ती एक घर. मायनरच्या पहिल्या पाच सुरांची चाल आहे 2-1-2-2. ए पासून सुरू करा, म्हणजे पेटीवाल्यांच्या हिशोबात पांढरी सहा. ए वरून दोन घरं बी, एक घर सी, दोन घरं डी, दोन घरं ई, सगळ्या पांढऱ्या. आपल्याकडे थोडंफार गाणं शिकलेल्यांना हे लगेच कळेल, सा रे कोमल ग म प, बास.

उजव्या हाताचा अंगठा ए वर, करंगळी ई वर, मधली बोटं आपोआप आपापल्या जागी येतात. वर जा, खाली या, घाई नको. मग तीच 2-1-2-2 ची चाल डी पासून लावा (डी, ई, एफ, जी, ए), मग ई पासून (ई, एफ शार्प, जी, ए, बी), मग सी पासून (सी, डी, ई फ्लॅट, एफ, जी). शार्प म्हणजे एक घर वर, फ्लॅट म्हणजे एक घर खाली. प्रत्येक ठिकाणी एक गंमत करून बघा, मधलं बोट फक्त एक घर वर सरकवा, लगेच मेजर ऐकू येतं, परत खाली आणा की मायनर. हा फरक कानाला पाठ झाला पाहिजे, कारण पुढे चुकीची पट्टी दाबली गेली तर ती डोळ्यांच्या आधी कानाला कळायला हवी. आणि मायनर म्हणजे रडकं गाणं हे डोक्यातून काढून टाका, लय वाढवली की हेच सूर चांगले नाचवतात.

आता वरचा भाग. पंचमापासून, म्हणजे पाचव्या सुरापासून, वरच्या सा पर्यंत एकूण पाच घरं असतात, ती तीन प्रकारे चालता येतात.

नॅचरल: 1-2-2. ए मायनरमध्ये ई, एफ, जी, ए. आपल्या आसावरी थाटाचे सूर.
हार्मोनिक: 1-3-1. ई, एफ, जी शार्प, ए. कीरवाणी रागाचे सूर.
मेलोडिक: 2-2-1. ई, एफ शार्प, जी शार्प, ए. हे फक्त चढताना, उतरताना परत नॅचरलचे सूर लावायचे.

(सूर जुळले म्हणून राग झाला असं नाही हं, पण ओळखायला उपयोग होतो.)

हार्मोनिकमध्ये सातवा सूर का चढवला ते एकदा हाताने वाजवून बघितलं की विसरायला होत नाही. ई, जी, बी एकत्र दाबा आणि मग ए, सी, ई दाबा. ठीक वाटतं, पण घरी पोचल्यासारखं नाही. आता पहिल्या कॉर्डमधला (एकत्र दाबलेल्या सुरांमधला) जी चढवून जी शार्प करा आणि परत ए मायनरवर या. तो जी शार्प ए पासून फक्त एक घर लांब आहे, त्यामुळे तो कानाला अक्षरशः ए कडे ओढतो. ही ओढ हवी म्हणून सातवा चढवला, पण त्यामुळे एफ आणि जी शार्पमध्ये तीन घरांची फट पडली, गाताना ती उडी अवघड जाते, मग चढताना सहावाही उचलला, ती झाली मेलोडिक. उतरताना वरच्या सा ची ओढ नको असते, म्हणून दोन्ही सूर परत खाली. जॅझवाले मात्र उतरतानाही तेच चढते सूर ठेवतात.

लिहिताना त्या सुराला जी शार्पच म्हणायचं, ए फ्लॅट नाही. पट्टी एकच आहे, पण स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं, आणि ए फ्लॅट म्हटलं तर जी गायब होतो आणि ए दोनदा येतो.

आता बोटं, आणि इथे वेळ द्या कारण सगळे इथेच अडकतात. अंगठा 1, करंगळी 5. उजवा हात वर जाताना 1 2 3 1 2 3 4 5. म्हणजे ए, बी, सी झाल्यावर अंगठा तळव्याखालून सरकवून डी वर न्यायचा. तो सी वाजायच्या आधीच, बी वर असतानाच आत सरकायला लागला पाहिजे, नाहीतर ऐनवेळी कोपर बाहेर फेकलं जातं आणि डी धाडकन वाजतो. डावा हात वर जाताना 5 4 3 2 1 3 2 1, इथे ई वर अंगठा आल्यावर मधलं बोट त्याच्यावरून एफ वर टाकायचं. उतरताना दोन्ही हात हाच रस्ता उलटा चालतात. हार्मोनिकमध्ये उजव्या हाताच्या 3 आणि 4 मध्ये ताण येतो, तेव्हा बोटं फाकवत बसू नका, मनगट थोडं बाजूला जाऊ द्या आणि हात पट्ट्यांवर जरा आत सरकवा.

ए, डी, ई, जी आणि सी मायनरला हीच बोटं चालतात, तिन्ही प्रकारांना. खरं तर सी मायनर हाताला जास्त सोपी जाते, कारण मधलं बोट ई फ्लॅटच्या उंच काळ्या पट्टीवर असतं आणि अंगठ्याला खालून जायला मोकळी जागा मिळते.

दोन्ही हात एकत्र करायची घाई करू नका. एकेक हात मेट्रोनोमवर (ठरलेल्या लयीत ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांना, एका ठोक्याला एक सूर, न अडखळता झाला की मग जोडा. जोडल्यावर खूण अशी की तिसऱ्या आणि सहाव्या सुरावर दोन्ही हातांची मधली बोटं एकदम पडतात, ए मायनरमध्ये सी आणि एफ वर. ती एकत्र पडली नाहीत तर कुठेतरी बोट चुकलंय, तिथेच थांबून बघा.

नवीन पट्टीत किती शार्प-फ्लॅट हे आठवत नसेल तर मायनरच्या सा पासून तीन घरं वर मोजा, तिथली मेजर घ्या, नॅचरल मायनरचे सूर तेच. ई वरून तीन घरं वर जी, म्हणजे जी मेजरचा तो एक एफ शार्प. डी वरून एफ, म्हणजे एक बी फ्लॅट. हार्मोनिक हवी असेल तर वर सातवा एक घर चढवा, झालं. पुढे बी मायनरला डाव्या हाताची बोटं बदलतात (4 3 2 1 4 3 2 1) आणि एफ मायनरला उजव्या हाताची (1 2 3 4 1 2 3 4). ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या ग्रेडला बसणार असाल तर कोणती मायनर, किती सप्तकं आणि एकेक हात की दोन्ही, हे त्या वर्षीच्या सिलॅबसमध्ये बघूनच रियाजाला बसा.