बिल्ड उतरवली पण चालेना? आधी टार करा

गिटहब अ‍ॅक्शन्सवर (कोडमधून प्रोग्राम आपोआप तयार करणारी गिटहबची सेवा) ठेवलेली बिल्ड, म्हणजे तयार झालेला प्रोग्राम, लिनक्सवर परत उतरवली, की चालवताना 'परमिशन डिनाइड' येतं, कारण अपलोडमध्ये फाइलींच्या परवानग्या टिकत नाहीत. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात प्रत्येकजण दर वेळी सीएचमॉड (फाइलीला परवानगी देणारी कमांड) मारत बसायचा.

१. बिल्ड झाली की अख्खं फोल्डर टारने (परवानग्यांसकट फाइली एकत्र बांधणारी कमांड) एकाच फाइलीत बांधा.
२. अपलोड-आर्टिफॅक्टला (बिल्ड गिटहबवर चढवणारी तयार अ‍ॅक्शन) तेवढीच फाइल द्या. विंडोज आणि लिनक्सच्या बिल्ड एकाच रनमध्ये होत असतील तर नावं वेगळी ठेवा. या अ‍ॅक्शनच्या चौथ्या आवृत्तीपासून त्याच रनमध्ये तेच नाव पुन्हा दिलं की अपलोड अडतं.
३. उतरवल्यावर टारची फाइल उलगडा. फाइल लगेच चालते.

अ‍ॅक्शन्सची आर्टिफॅक्ट लायब्ररी थेट कोडमधून वापरत असाल तरी हेच करा.

मात्र आर्टिफॅक्ट (अशी चढवून ठेवलेली फाइल) मूळ सेटिंगप्रमाणे ९० दिवसांनी पुसलं जातं. गिऱ्हाइकाला दिलेली बिल्ड गिटहबच्या रिलीजमध्येच (प्रकाशित आवृत्त्यांच्या जागेत) ठेवा.