बंद काचांच्या फ्लॅटमध्ये हवा खेळती कशी ठेवावी

एसीचा गारवा टिकावा आणि विजेचं बिल आटोक्यात राहावं म्हणून नव्या इमारतींच्या खिडक्या घट्ट बसवतात. जुन्या घरात फटींमधून हवा आपसूक बदलायची, ती इथे बदलत नाही. शिवाय स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच थंड करून पुन्हा सोडतो. म्हणजे हवा बदलायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

१. आधी गॅस गिझर बघा. तो बाथरूमच्या आत असेल तर बाकीचं सगळं नंतर. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. चक्कर येतेय हे लक्षात येईपर्यंत दाराची कडी काढायचंही त्राण उरत नाही. एक्झॉस्ट फॅन लावला की भागलं, असं मानू नका. बंद बाथरूममध्ये तो गिझरचा धूर उलट आतच ओढू शकतो. गिझर उघड्या ड्राय बाल्कनीत हलवा किंवा विजेवरचा घ्या. तोवर खिडकी-दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, पाहुण्यांनाही.

२. मग बेडरूमची हवा मोजा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेताना त्यात एनडीआयआर (अवरक्त किरणांनी हा वायू थेट मोजणारा) सेन्सर आहे का ते पाहा. बरेच स्वस्त मीटर नुसता अंदाज दाखवतात. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतं. घरात १००० च्या वर जाऊ नये, ही मर्यादा जर्मनीतल्या म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्येच सुचवली होती. झोपलेला माणूस तासाला अंदाजे १० ते १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय बाराच्या पूर्ण बंद खोलीत दोघं झोपली, तर तासाभरातच काटा हजारावर जातो. सकाळी उठल्यावर डोकं जड वाटत असेल, तर रात्रीचे आकडे जरूर बघा.

३. झोपण्यापूर्वी एसी बंद करून समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडा, पंखा लावा. रात्री जाळी लावून काच दोन बोटं सरकवून ठेवा, बेडरूमचं दारही किलकिलं असू द्या. वीज थोडी जास्त जाईल. ती जाऊ द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. फोडणी घालायच्या आधीच चिमणी सुरू करा आणि स्वयंपाक झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. तिचा पाइप इमारतीबाहेर निघाला पाहिजे; नुसत्या फिल्टरची चिमणी गॅसच्या ज्वाळेतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड घरातच सोडते. दुसऱ्या खोलीची खिडकीही थोडी उघडा, कारण आत हवा आलीच नाही तर पंखा बाहेर काय टाकणार?

५. डासांची कॉइल बंद खोलीत लावूच नका. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं होतं. मच्छरदाणी किंवा जाळी बरी. उदबत्ती लावाल तेव्हा खिडकी उघडी हवी.

६. बाहेरच धूळ-धूर असेल तर? हिवाळ्यात वारा पडलेला असतो आणि पहाटे प्रदूषण जमिनीलगत साचतं, म्हणून तेव्हा खिडक्या दुपारी उघडा. हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर सूक्ष्म कण पकडतो, पण कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. प्युरिफायर आहे म्हणून खिडकी कायमची बंद करणं चूक आहे. कुंड्यांनीही फरक पडत नाही.

७. घर घेताना किंवा दुरुस्ती काढताना, उघडणाऱ्या खिडक्या किती ते टेपने मोजा. केंद्राच्या इको निवास संहितेनुसार (घरांतल्या ऊर्जाबचतीची नियमावली) उष्ण-दमट हवामानात त्यांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावं. दोन काचांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, तेव्हा निम्मीच धरा.