शेअर्ड होस्टिंगवरून क्लाउडवर जाण्याआधी

तुमची साइट वर्डप्रेसवर आहे, दहा-पंधरा वर्षांचं मराठी लिखाण तिच्यात साठलंय आणि दिवाळीत वाचक वाढले की पान उघडता उघडत नाही, म्हणून तुम्ही क्लाउडवर स्वतःचा छोटा सर्व्हर घ्यायचं ठरवलंय, असं धरून हे लिहितोय. सर्व्हर घेणं पाच मिनिटांचं काम आहे, पण ते सगळ्यात शेवटी करा. शेअर्ड होस्टिंगवाला (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवणारा) तुमच्यासाठी न सांगता बरंच काही करत असतो. ते काय काय आहे हे आधी शोधायचं, आणि त्याला दोन आठवडे द्यायला हवेत.

सुरुवात डोमेनपासून करा. लहान संस्थांमध्ये डोमेन बहुतेक वेळा पूर्वी कधीतरी साइट करून देणाऱ्याच्या खात्यात असतं आणि ओटीपी त्याच्या जुन्या नंबरावर जातो. आधी तो ताबा मिळवा. मग नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, पाहा. ते होस्टिंग कंपनीचे असतील तर डीएनएसच्या (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या) सगळ्या नोंदीही तिच्याकडेच आहेत आणि खातं बंद झालं की त्याही जातील. एकूण एक नोंद उतरवून घ्या, कशासाठी आहे हे कळत नसलेलीसुद्धा.

या नोंदींतली एमएक्स, म्हणजे ईमेलचं टपाल कुठे पोचवायचं ते सांगणारी नोंद, ही सर्वांत जपायची. सीपॅनलच्या (होस्टिंगचं खातं ब्राउझरमधून चालवायच्या साधनाच्या) होस्टिंगवर ती पुष्कळदा थेट डोमेनच्याच नावाकडे बोट दाखवते, म्हणजे साइटचा पत्ता बदलला की टपालही नव्या सर्व्हरकडे वळतं. तिथे टपाल घेणारं कुणीच नसतं. माझ्या ओळखीच्या एका संस्थेचं हे झालं. साइट झकास चालत होती, म्हणून कुणाला शंकाच आली नाही, आणि पाठवणाऱ्यांची पत्रं काही दिवसांनी परत गेल्यावर फोन यायला लागले. त्यामुळे आधी टपालाचं काय करायचं ते ठरवा. ते झोहो किंवा गूगलच्या सेवेवर न्या, नाहीतर टपालासाठी वेगळं उपनाव (सबडोमेन) करून त्याला जुन्या सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) द्या आणि एमएक्स त्याच्याकडे वळवा. बाहेर जाणाऱ्या पत्रांचंही बघावं लागतं. ॲमेझॉन आणि डिजिटलओशन या दोन्ही क्लाउड कंपन्यांकडे नव्या सर्व्हरवरून पोर्ट २५ ने (सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात त्या दारानं) पत्र पाठवता येत नाही, म्हणजे संपर्काचा फॉर्म आणि पासवर्ड बदलायची पत्रं गप्प होतात. त्यासाठी वेगळी सेवा जोडा आणि एसपीएफच्या (तुमच्या नावानं पत्र कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या) नोंदीत तिचं नाव घाला.

आता मराठी मजकूर. इथे घाई करू नका, कारण इथली चूक महिनाभरानं लक्षात येते आणि तोवर नवं लिखाण वर चढलेलं असतं. डेटाबेसमधल्या प्रत्येक तक्त्याचा कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) पाहा. यूटीएफ८एमबी४ (मराठी आणि इमोजी दोन्ही मावणारा) असेल तर काळजी नाही. हातानं लिहिलेल्या जुन्या पीएचपी साइटमध्ये मात्र तक्ते लॅटिन१ चे (युरोपीय भाषांसाठीच्या सेटचे) आणि आतला मजकूर यूटीएफ-८, असा घोळ सर्रास सापडतो, कारण आवृत्ती ८ येईपर्यंत मायएसक्यूएल या डेटाबेसचा मूळ सेट लॅटिन१ होता. जुन्या सर्व्हरवर तो घोळ चालून जातो. नेहमीसारखा डंप (सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये) काढून नव्या सर्व्हरवर भरला की अक्षरांच्या जागी डोक्यावर मात्रा असलेल्या रोमन ए-च्या रांगा दिसतात. असा डेटाबेस लॅटिन१ म्हणूनच बाहेर काढायचा, फाइलमधल्या तक्त्यांच्या व्याख्या यूटीएफ८एमबी४ करायच्या आणि मग भरायचा. आधी प्रतीवर करून बघा. तपासायला ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲसिड’ आणि एखादी इमोजी असलेली पानं निवडा. मुखपृष्ठ ठीक दिसलं म्हणून समाधान मानू नका.

दुसरा खड्डा पत्त्यांचा. डोमेन तेच राहिलं तरी फोल्डरचा मार्ग बदलतो आणि तो डेटाबेसमध्ये ठिकठिकाणी लिहिलेला असतो. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज मजकुराच्या लांबीसकट साठवतं, आणि ती लांबी बाइटमध्ये असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून ‘मराठी’ या शब्दापुढे तिथे १५ लिहिलेलं असतं. डंपच्या फाइलमध्ये साधं शोधा-बदला केलं की मार्गांच्या पुढचे असे आकडे चुकतात आणि विजेट किंवा थीमची सेटिंग्ज गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेस आज्ञा लिहून चालवायच्या साधनाची) शोधा-बदला आज्ञा ही लांबी सांभाळते. आधी तिची कोरडी फेरी करा, म्हणजे काही न बदलता काय बदलेल ते नुसतं बघा.

लेखांच्या मराठी दुव्यांना हात लावू नका. वर्डप्रेस त्यासाठी २०० अक्षरांची जागा देतं आणि देवनागरीचं एक चिन्ह तिथे नऊ अक्षरं खातं, म्हणून लांब शीर्षकांचे दुवे मध्येच तुटलेले दिसतात. ते तसेच ठेवा. लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले दुवे तेच आहेत.

चित्रांच्या फाइलींना मराठी नावं असतील तर त्या लॅपटॉपवर उतरवून पुन्हा चढवू नका, आरसिंकनं (फाइली जशाच्या तशा नेणाऱ्या साधनानं) एका सर्व्हरवरून थेट दुसऱ्यावर न्या. जुन्या मॅकवर फाइलच्या नावातला ‘ऱ’ हा ‘र’ आणि खालचा नुक्ता असा फुटून साठतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण सर्व्हरच्या लेखी ते नाव वेगळं, म्हणून चित्र सापडत नाही.

सर्व्हरची निवड त्या मानानं सोपी. वाचक भारतातले असतील तर मुंबई किंवा बंगळूर, दोन जीबी मेमरी आणि थोडी स्वॅप (मेमरी भरली की डिस्कवरची वापरायची जागा) पुरते. पैशांचं मात्र नीट बघा. ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, आणि डिजिटलओशनवर बंद करून ठेवलेल्या सर्व्हरचंही बिल लागतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणारी वसुली परवानगीशिवाय होत नाही. बिल थकून सर्व्हर बंद पडू नये म्हणून महिन्याची तारीख कॅलेंडरात लिहून ठेवा.

सर्व्हर उभा केल्यावर एसएसएचला (सर्व्हरवर दुरून आत शिरायच्या वाटेला) पासवर्डऐवजी किल्लीची फाइल लावा. फायरवॉल सुरू करण्याआधी एसएसएचचं दार उघडं ठेवल्याची खात्री करा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. डेटाबेसचं ३३०६ पोर्ट जगाला उघडू नका. एनजिंक्स (वाचकांना पानं पाठवणारा वेब सर्व्हर) वापरणार असाल तर जुनी एचटीॲक्सेस फाइल तो वाचत नाही, तिच्यातली प्रत्येक रीडायरेक्टची ओळ नव्यानं लिहावी लागते. पीएचपीची आवृत्ती बहुधा वाढणार, तेव्हा जुने प्लगइन त्या आवृत्तीवर चालवून बघा. सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असतं, त्यामुळे रात्री बाराचं क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम पहाटे साडेपाचला चालेल. सीपॅनलमधली क्रॉनची यादी उतरवायला लोक हमखास विसरतात, ती आत्ताच उतरवा.

बॅकअप आता तुमच्या अंगावर आहे. तो त्याच सर्व्हरवर ठेवलात तर ठेवला नाही असंच समजा. रोजची प्रत दुसरीकडे जाऊ द्या आणि एकदा तरी तिच्यातून पूर्ण साइट उभी करून पाहा. मी तरी हे केल्याशिवाय पुढे जाणार नाही.

स्थलांतराच्या निदान एक दिवस आधी डीएनएसच्या नोंदींची मुदत (टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर इतरांनी किती वेळ जपायचं ते) ३०० सेकंदांवर आणा. सीपॅनलमध्ये ती बहुधा १४,४०० असते, म्हणजे चार तास. तोवर स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं नाव कोणत्या आयपीवर, हे फक्त त्या संगणकाला सांगणाऱ्या) नवा आयपी लिहून साइट आतून-बाहेरून फिरा: लॉगिन, शोध, चित्र चढवणं, फॉर्म. लेट्स एन्क्रिप्टचं (पत्त्याआधी https लावायला लागणारं) प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीनं डोमेन वळल्याशिवाय मिळत नाही, म्हणून डीएनएसच्या नोंदीवरची पद्धत वापरून ते आधीच घ्या.

त्या दिवशी लिखाण आणि प्रतिक्रिया थांबवा, शेवटचा आरसिंक आणि डंप घ्या आणि मगच साइटच्या आयपीची नोंद बदला. जुनी आयपीव्ही६ ची (नव्या पद्धतीच्या लांब आयपीची) एएएए नोंद असेल तर तीही बदला किंवा काढा. जिओच्या मोबाइलवर आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर आहे, ती नोंद राहिली तर तुम्हाला नवी साइट दिसेल आणि निम्म्या वाचकांना जुनी. नंतर दोन्हीकडचे लॉग बघत राहा.

जुनं होस्टिंग महिनाभर तरी चालू ठेवा. बंद करण्याआधी टपालपेट्या उतरवल्या आहेत, नेमसर्व्हर दुसरीकडे गेले आहेत आणि जुन्या लॉगमध्ये कुणी खरा वाचक येत नाही, हे पाहा. मग खात्याची एक पूर्ण प्रत घेऊन ठेवा आणि नूतनीकरणाची वसुली थांबवा.