जमिनीखालच्या बंद लूपमधील हवा आणि कचरा बाहेर काढण्याची पद्धत

भूगर्भीय हीट पंप म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर गरम पाण्याचे झरे येतात, पण या यंत्रणेचा झऱ्यांशी काहीही संबंध नाही. दोन-अडीचशे फुटांच्या बोअरमध्ये एचडीपीई (जाड प्लास्टिक) पाईपचा लांबट यू, म्हणजेच लूप, सोडलेला असतो, त्यातून तेच ते पाणी कायम फिरत राहते आणि खोलीतील उष्णता जमिनीला देते किंवा जमिनीची उष्णता हीट पंपाकडे आणते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत गोठवणारी थंडी पडत नसल्यामुळे अशा यंत्रणेचा उपयोग मुख्यतः गारव्यासाठी आणि गरम पाण्यासाठीच होऊ शकतो. यंत्रणा आपल्याकडे नवी असली तरी तिला लागणारी बहुतेक कामे नवी नाहीत, कारण बोअर मारणारे, एचडीपीई पाईप वेल्डिंग करणारे आणि पंप बसवणारे लोक तालुक्यातालुक्यात आहेत. सवय नाही ती फक्त शेवटच्या कामाची, म्हणजे लूप धुऊन त्यातील हवा पूर्णपणे काढण्याची. माझ्या मते संपूर्ण यंत्रणेचे आयुष्य याच कामावर अवलंबून असते.

हवा राहिली तर काय होते, हे आधी समजून घ्यावे. लूपमधील पाणी फिरवणारे छोटे सर्क्युलेटर पंप बहुधा त्याच पाण्याने थंड राहतात आणि त्यांचे बेअरिंगही त्याच पाण्यावर चालते, त्यामुळे हवेचा मोठा बुडबुडा पंपात अडकला की पंप खरखर आवाज करतो आणि कोरडा चालून लवकर खराब होतो. एखाद्या बोअरच्या पाईपमध्ये हवा अडकली तर त्या बोअरमधून पाणीच जात नाही आणि तिच्यासाठी केलेला सगळा खर्च जमिनीत पडून राहतो. शिवाय हवेतील ऑक्सिजनमुळे यंत्रणेतील लोखंडी भाग गंजतात.

दूधगंगा, वेदगंगा किंवा घटप्रभेवरून शेताला पाणी उचलणाऱ्यांना पाईपलाईनने हवा धरणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तिथे उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवला की काम भागते. बोअरमधील लूपमध्ये मात्र हा उपाय चालत नाही, कारण पाणी ज्या नळीतून खाली जाते त्या नळीतील बुडबुडा वर येऊ पाहतो आणि त्याला पाण्याबरोबर तळापर्यंत ओढून नेऊन दुसऱ्या नळीतून बाहेर काढावे लागते. म्हणजेच खाली जाणाऱ्या पाण्याचा वेग वर चढणाऱ्या बुडबुड्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असावा लागतो. म्हणूनच प्रत्येक पाईपमध्ये सेकंदाला किमान २ फूट, म्हणजे सुमारे ०.६ मीटर वेग मिळालाच पाहिजे, असा नियम या क्षेत्रात पाळला जातो. हा वेग मिळाला नाही तर पंप दिवसभर चालवूनही हवा निघत नाही.

वेगाचा हिशेब लिटरमध्ये करून ठेवावा. एसडीआर ११ या जाडीच्या ३२ मिलिमीटर पाईपचा आतला व्यास सुमारे २६ मिलिमीटर असतो आणि त्यात हा वेग मिळवण्यासाठी मिनिटाला सुमारे २० लिटर पाणी लागते. ४० मिलिमीटर पाईपला ३० लिटर आणि ६३ मिलिमीटर हेडरला, म्हणजे सगळे लूप ज्याला जोडतात त्या मुख्य पाईपला, ७५ लिटर लागते. समजा, अडीचशे फुटांच्या चार बोअर ३२ मिलिमीटर पाईपने समांतर जोडल्या आहेत. चारही एकाच वेळी धुवायच्या असतील तर मिनिटाला ८० लिटर पाणी लागेल आणि तेवढे पाणी ६३ मिलिमीटर हेडरलाही पुरेल. हेडर त्याहून मोठा घेतला तर लूप स्वच्छ होतील, पण हेडरमधली हवा तिथेच राहील. हेडरचे माप निवडताना हा विचार क्वचितच केला जातो. प्रत्यक्षात किती पाणी येते हे पाहण्यासाठी महागड्या मीटरची गरज नाही. परतीचे पाणी मापाच्या बादलीत धरून घड्याळ लावावे. एकच लूप चालू असेल तर २० लिटरची बादली एका मिनिटात किंवा त्याआधी भरली पाहिजे.

समांतर लूपमधील खरी अडचण मात्र वेगळीच आहे. चारपैकी तीन लूप पाण्याने भरले आणि चौथ्यात हवा अडकली, तर त्या चौथ्या लूपच्या एका नळीत पाण्याचा उंच स्तंभ आणि दुसऱ्या नळीत बराचसा हवेचा भाग, अशी स्थिती होते. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत समजा दहा मीटरचा फरक असेल, तर ती हवा हलवण्यासाठी किमान दहा मीटरचा दाब लागेल. उरलेल्या तीन लूपमधून पाणी त्याच वेगाने ढकलायला पाईपचे घर्षण मात्र फक्त तीनेक मीटरचेच असते. पाणी साहजिकच सोपी वाट धरते, परतीच्या होजमधून जोरदार धार दिसते आणि काम उत्तम झाले असे वाटते, पण चौथ्या बोअरमधील पाणी जागचे हलत नाही. त्यामुळे प्रत्येक लूपला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह ठेवावा, इतर तीन बंद करावेत आणि एकेक लूप आळीपाळीने धुवावा. धुण्यासाठी लावलेल्या सेंट्रिफ्युगल पंपाचा प्रवाह कमी झाला की त्याचा दाब वाढतो, त्यामुळे एकाच लूपवर तोच पंप हवेचा अडथळा सहज मोडून काढतो. व्हॉल्व्हचा खर्च टाळण्यासाठी चारही लूप मातीखाली कायमचे जोडून टाकणे मला चुकीचे वाटते. दोनच बोअर असतील तरीही मी व्हॉल्व्ह घालण्याचाच आग्रह धरतो.

हवा चराच्या उंचवट्यांतही लपते. जांभ्यात किंवा काळ्या खडकात चर खणला की तळ सरळ येत नाही आणि हेडर त्यावर तसाच टाकला की मधे कुबड तयार होते. पाईप टाकण्यापूर्वी बारीक मातीचा किंवा वाळूचा थर देऊन तळ समतल करावा. चर बुजवण्यापूर्वी आणि बोअरमध्ये ग्राउट (पाईपभोवतीची पोकळी बुजवणारे मिश्रण) भरण्यापूर्वी पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी, आणि काम चालू असेपर्यंत पाईपची तोंडे घट्ट बंद ठेवावीत, कारण लाल माती, वाळू आणि पाईप कापताना पडलेला प्लास्टिकचा कीस पुढे हीट पंपाच्या बारीक मार्गांत जाऊन बसतो.

धुण्यासाठी दीड एचपीचा पंप, दोन जाड होज, एक टाकी आणि परतीच्या तोंडाला जाळीची पिशवी एवढे सामान पुरते. सामान्य २०० लिटरचे बॅरल चालते, पण वरच्या उदाहरणातील चार लूप आणि हेडर यांत मिळून सुमारे ४०० लिटर पाणी मावते, त्यामुळे भरताना बॅरलमध्ये सतत पाणी घालत राहावे लागते. पाण्याची पातळी खाली गेली की पंपाच्या तोंडाशी भोवरा होतो आणि हवा परत लूपमध्ये जाते. परतीच्या होजचे तोंड नेहमी पाण्याखाली बुडालेले असावे. ते वर धरले की धारेबरोबर हवा मिसळते, पाणी दुधासारखे दिसू लागते आणि तीच हवा पुन्हा खाली जाते. माझ्या पहिल्याच कामात हीच चूक झाली होती आणि ती लक्षात येईपर्यंत अर्धा दिवस गेला. पाणी बोअरचे असेल तर त्याचा क्षार आधी तपासावा. काळ्या मातीच्या भागात पाणी बरेचदा जड असते आणि हे पाणी वर्षानुवर्षे आतच राहणार असल्यामुळे मऊ पाणी वापरणे योग्य. थंड देशांत त्यात ग्लायकॉलसारखे द्रव मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज पडत नाही.

प्रत्यक्ष काम करताना हीट पंपाकडे जाणारे व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी फक्त जमिनीतील भाग धुवावा. प्रत्येक लूप एका दिशेने किमान पंधरा मिनिटे आणि नंतर होज बदलून उलट दिशेने तितकाच वेळ धुवावा, कारण एका दिशेने जोडाच्या आडोशाला बसलेला कचरा उलट दिशेने सुटतो. मध्येच परतीचा व्हॉल्व्ह झटकन अर्धा बंद करून पुन्हा उघडल्यास चिकटलेले बुडबुडे सुटतात. परतीचे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन पाहावे. गढूळपणा तळाकडून वर निवळत गेला तर ती हवा, आणि तळाशी साका बसला तर ती माती समजावी. काम चालू असताना वीज गेली तर लगेच पुरवठ्याचा आणि परतीचा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत, नाहीतर वरच्या पाईपमधील पाणी बॅरलमध्ये उतरते आणि एखाद्या सैल जोडातून हवा आत शिरते. जमिनीतील भाग स्वच्छ झाल्यावरच हीट पंप आणि सर्क्युलेटर यांतून पाणी फिरवावे.

डोळ्यांना बुडबुडे दिसेनासे झाले म्हणजे हवा संपली, असे मात्र मानू नये. पंप चालू ठेवून टाकीतील पातळीवर खूण करावी, परतीचा व्हॉल्व्ह काही सेकंद पूर्ण बंद करावा आणि पातळी किती खाली जाते ते पाहावे. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून आत हवा असेल तर टाकीतून पाणी आत ओढले जाते. थोडी घट पाईप फुगल्यामुळेही होते. बॅरलमध्ये एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास अडीच लिटर, त्यामुळे ही चाचणी त्यात नीट दिसत नाही. १० इंच व्यासाच्या उभ्या पाईपची टाकी केली तर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा लिटर येतो. अशा टाकीत घट पाच सेंटीमीटरच्या आत असावी आणि व्हॉल्व्ह उघडताच पातळी खुणेवर परत यावी. घट जास्त असेल तर पुन्हा एकेक लूप घेऊन धुण्याला पर्याय नाही.

शेवटी परतीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून दाब तीन-साडेतीन किलोपर्यंत (दर चौरस सेंटीमीटरला) चढवावा, मग पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवावा. एचडीपीई पाईप दाबाखाली काही दिवस हळूहळू ताणत राहतो, म्हणून दुसऱ्या दिवशी गेज थोडे खाली आलेले दिसेल. ते गळतीचे लक्षण नसते. एकदा पुन्हा दाब भरावा आणि आठवडाभर रोज सकाळी एकाच वेळी गेजचा आकडा भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवावा. आकडा स्थिरावला तर लूपला गळती नाही असे समजावे. तो रोज सारखाच घसरत राहिला तर आधी वरचे जोड आणि व्हॉल्व्ह साबणाच्या पाण्याने तपासावेत. जमीन उकरण्याचा विचार त्यानंतरच करावा.